स्टेन्ड ग्लास लॅम्प: या चुका टाळा

रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेल्या शेडचा जुना लॅम्प हाती आला की लोकांना पहिलं काय सुचतं, तर घासणं. कृपा करून घासू नका! गेल्या दिवाळीआधी गिरगावातल्या एक काकू त्यांच्या सासऱ्यांनी चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरून आणलेला ब्राँझचा टेबल लॅम्प घेऊन आल्या, "बघ रे कसा लख्ख केलाय" म्हणाल्या, चिंच-मीठ लावून दोन दिवस घासला होता आणि बुंध्यावरची तपकिरी-हिरवी झाक पार गेली होती, फक्त पानांच्या खाचेत नखाएवढी उरलेली. माझ्या पोटात खड्डा पडला. ती झाक म्हणजे मळ नव्हे, कारागीर मुद्दाम केमिकल लावून ती आणतात, अशा लॅम्पसाठी गाजलेल्या न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओतसुद्धा ब्राँझला असाच रंग चढवायचे. समई घासायची असते, कारण ती रोज तेलाने चिकट होते, पण हा लॅम्प म्हणजे समई नाही. मी फक्त दाढीच्या जुन्या ब्रशने धूळ झाडतो आणि वर्षातून एकदा मेण लावतो, बस.

दुसरी चूक नवीन शिकणाऱ्यांची, फ्लक्स (धातूचा जोड नीट बसावा म्हणून लावायचं रसायन) न धुणं. असा लॅम्प करताना काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची आणि मग सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाने, जोडायचं, टिफनीच्या लॅम्पमुळेच ही पद्धत गाजली. टिफनी स्टुडिओत काम करणाऱ्या क्लारा ड्रिस्कॉल यांनी डिझाइन केलेल्या विस्टेरिया लॅम्पच्या एका शेडमध्ये जवळजवळ २००० तुकडे आहेत, आणि कित्येक वर्षं श्रेय मात्र मालक लुई टिफनी यांच्याच नावावर राहिलं, हे मला अजूनही खटकतं. आता एवढ्या नाजूक कामात आमच्या पोरांना घाई कसली असते कळत नाही. एका मुलाने जुलैत शेड पूर्ण केली आणि फोटो टाकायच्या नादात नुसती फडक्याने पुसली. मुंबईची पावसाळी हवा, गणपती येईपर्यंत सगळ्या जोडांवर पांढरट-हिरवी भुकटी! सगळं परत घासून, धुऊन काढावं लागलं, वर दोन काचा तडकल्या. मी त्याच दिवशी, कितीही थकलो असलो तरी, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने दोनदा धुतो, जुन्या टूथब्रशने कोपरे काढतो आणि पंख्याखाली रात्रभर वाळवतो.

जुनी वायर तशीच ठेवू नका, मुंबईच्या लोहार चाळीत चांगली वायर आणि होल्डर मिळतात. अमेरिकेतून आलेला लॅम्प असेल तर तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. बल्ब एलईडीच लावा, ६० वॅटचा जुना बल्ब शेड तापवतो.

आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे कामाच्या टेबलावर वडापाव खायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची, आणि हात धुतल्याशिवाय घरच्या लहान मुलाला उचलायचं नाही.