कंपोझिट डेक धुताय? मग साबणाचं पाणी वाळू देऊ नका

घराला लागून फळ्यांचा जो उघडा ओटा असतो तो डेक, तो कंपोझिटचा बसवला की वाटतं आता बघायलाच नको, लाकूड नाही म्हणजे दरवर्षीचं पॉलिश नाही, तेल नाही. ते खरंय, पण धुवावा तर लागतोच. या फळ्या लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवतात, नव्या प्रकारात वरून प्लॅस्टिकचं पातळ कवच असतं ज्याला कॅप म्हणतात, आणि त्या कॅपमुळे बुरशी सहसा फळीच्या आत शिरत नाही, पण फळीवर जी माती, परागकण, सडकी पानं साचतात त्यावर ती मस्त वाढते. त्यामुळे काळे ठिपके दिसले म्हणून लगेच घाबरू नका, बऱ्याचदा ती वरच्या मळावरची बुरशी असते.

सुरुवात फटींपासून करा, फळ्या धुण्याआधी. दोन फळ्यांमधल्या त्या काही मिलिमीटरच्या फटीतूनच पाणी खाली जातं आणि हवा खेळते, ती बुजली की पाणी वर तुंबतं, पानं कुजतात, मग डाग आणि शेवाळ. कचरा सगळ्यात जास्त अडकतो जिथे फटीच्या बरोबर खाली आडवी तुळई म्हणजे जॉइस्ट असते, कारण तिथे खाली पडायला जागाच नसते. प्लॅस्टिकची पातळ पट्टी घ्या आणि तो कचरा कोरडा असतानाच उकरून काढा, ओला झाला की त्याचा चिखल होतो आणि दुप्पट वेळ जातो. मग सगळं झाडून घ्या.

आता धुणं. पाइपने एकदा पाणी मारा, बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण, आणि मऊ केसांचा ब्रश, तारेचा अजिबात नाही. फळीवरच्या रेषा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने घासा कारण मळ त्या रेषांच्या खाचांत बसलेला असतो. आणि एका वेळी चार-पाच फळ्याच घ्या, घासल्या की लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, मग पुढच्या. मी पहिल्यांदा भर उन्हात अख्खा डेक साबण लावून घासला आणि मग पाइप आणायला गेलो, तोवर अर्धं पाणी वाळलं होतं, सगळीकडे पांढरट थर, परत पहिल्यापासून घासावं लागलं. मळ पाण्यात सुटलेला असतो, ते पाणी जागेवर वाळलं की मळ तिथेच परत बसतो, म्हणून सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी हे काम करा.

प्रेशर वॉशर, म्हणजे जोराने पाण्याचा फवारा मारणारं मशीन, वापरायचा का, तर माझं मत जमलं तर टाळा. वापरणारच असाल तर पंख्यासारखं पसरणारं नोझल लावा, एका जागी धरून ठेवू नका, आणि किती पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) आणि किती अंतर ते तुमच्या फळीच्या कंपनीच्या सूचनांत बघा कारण प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते आणि ती ओलांडली तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

डागांचं म्हणाल तर तेल-तूप सांडलं की त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण, मुरू दिलं तर निघत नाही, विशेषतः कॅप नसलेल्या जुन्या फळ्यांवर. पानांचे तपकिरी डाग आणि गंज यांना डेक ब्राइटनर म्हणजे डाग काढायचं ऑक्झॅलिक ॲसिडवालं द्रावण चालतं, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा. क्लोरीन ब्लीचने रंग उतरू शकतो, आणि ब्लीच हे व्हिनेगर, कुठलंही ॲसिड किंवा अमोनियाबरोबर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. ओरखडा पडला तर सँडपेपर मारावासा वाटतो, पण कॅपच्या फळीवर मारलात तर कॅपच निघून जाते आणि ती परत येत नाही.

रबराची मॅट डेकवर कायमची पसरून ठेवू नका, तिच्याखाली ओल राहते आणि रबराने फळीचा रंगही बदलतो. कुंड्या स्टँडवर ठेवा, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा. बर्फ पडत असेल तर प्लॅस्टिकचं फावडं, लोखंडी नको.

आणि डेकच्या खाली पण वाकून बघत जा. वरच्या फळ्या कंपोझिट असल्या तरी खालचा सांगाडा बहुतेक डेकमध्ये लाकडाचाच असतो आणि तो कुजू शकतो, शिवाय बऱ्याच फळ्यांना खालच्या बाजूने कॅप नसते, त्यामुळे खाली हवा खेळती हवी, सामान कोंबून ठेवू नका. वर्षातून एकदा टॉर्च घेऊन जॉइस्ट बघा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, लाकूड मऊ लागलं किंवा टोक सहज आत गेलं तर सुताराला बोलवा, आणि डेक घराच्या भिंतीला जिथे जोडलाय तिथले बोल्ट सैल किंवा गंजलेले नाहीत ना ते सगळ्यात आधी बघा.