पहिल्या बँडच्या आधी पोचायचं तर

गोव्यातल्या मैफलीला पहिल्या बँडच्या आधी पोचायचं, एवढं एकदा ठरवलं की बाकीची तयारी त्याच्याभोवतीच लागते. फलकावर ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, तो सगळ्यांत शेवटी येतो. संध्याकाळी साडेसहाला, मैदानात जेमतेम पन्नास माणसं असताना वाजवायला उभी राहतात ती आपल्याच गावांतली मुलं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण तुमचा कार्यक्रम त्या १५ दिवसांत असेलच असं नाही. त्यामुळे सुरुवातीला उशीर झाला की कात्री लागते ती या पहिल्या मुलांच्या वेळेला. पाच गाणी बसवून आलेल्या बँडला तीन वाजवून उतरताना मी पाहिलंय. त्या तीन गाण्यांना समोर कुणीतरी असायलाच हवं.

म्हणून आधी गाडीचं बघा. मी फोंड्याची. जुन्या गोव्यात मोंत टेकडीवरच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, अंगणात मैफल असली तर सोपं असतं, पणजीच्या वाटेवरच उतरायचं आणि चढ चढायचा. शिवोलीला जायचं तर पणजी, मग म्हापसा, मग पुढची बस. जायला बस मिळते, रात्री यायला मिळत नाही. हे गृहीतच धरा. पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, करायचा तर त्याचा नंबर उजेडातच घेऊन ठेवा. मी आणि माझी मावसबहीण स्कूटरने जातो, जिला चालवायची आहे ती त्या दिवशी पीत नाही, आणि दोन्ही हेल्मेटं सोबत असतात. डिसेंबरात दुपारी घामाच्या धारा लागल्या तरी परतताना नदीकाठच्या रस्त्यावर दंव पडतं, तेव्हा डिकीत एक जॅकेट असू द्या. जूनमध्ये रेनकोट, छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही.

आता कान. यावर मी कितीही बोलेन. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मैदानात मी तीन तास स्पीकरांच्या भिंतीपुढे उभी राहिले. घरी आल्यावर उजव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली नाही. नवरात्रातल्या आरत्यांपासून ज्या कानांनी सगळं ऐकलं, ते गेले तर काय, या भीतीने मी त्या रात्री झोपले नाही. नंतर वाचून काढलं: ८५ डेसिबल आवाज दिवसातून ८ तास चालतो, त्यापुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषधांच्या दुकानात कानात घालायची फोमची बोळी मिळतात. बोळा दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर उपयोग नाही. फोममुळे झांजेची धार आणि शब्द जरा बुजतात. वारंवार जाणार असाल तर संगीतकार वापरतात ती बोळी घ्या, त्यांत आवाज सगळा सारखा खाली येतो. मैदानात ध्वनियंत्रणेचं टेबल कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या जरा पुढे, मधोमध उभे राहा. तिथला माणूस तिथूनच ऐकून आवाज लावतो, त्यामुळे त्याच्या कानाला जे येतं तेच तुमच्याही येतं.

आदल्या रात्रीचं काम म्हणजे बँडची दोन गाणी नीट ऐकणं. कोकणी शब्द आपल्याला कळतातच, ध्रुवपद तेवढं पाठ करा. गाणाऱ्याने माईक लोकांकडे वळवला आणि समोरून आवाज आला की त्याचा चेहरा कसा उजळतो ते बघायला मिळेल. घुमट, म्हणजे तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य, घेतलेला बँड असेल तर जरूर जा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीत शामेळ हा ढोल आणि कांसाळी या झांजांबरोबर वाजणारं तेच मातीचं भांडं बास गिटारशेजारी ऐकताना अंगावर काटा येतो. सरकारने २०१९ साली त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं. आता बहुधा बकऱ्याचं असतं. नाद थोडा बदलला, पण हाताची थाप तीच.

डिसेंबरात पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवाला जाणार असाल तर नोंदणी आधीच करा. मांडवीतल्या बोटीवरच्या मैफलीला जागा बोटीपुरत्याच.

बाकी थोडक्यात: बंद बूट, पाण्याची बाटली, सुटे पैसे. गर्दीत नेटवर्क जातं आणि ऑनलाइन पैसे अडकतात. फेस्तातलं, म्हणजे चर्चच्या जत्रेतलं, खाजं आणि बँडचा टी-शर्ट दोन्ही रोखीनेच घ्यायची तयारी ठेवा. जेवून जा, नाहीतर दुसऱ्या बँडला तुम्ही रस-ऑम्लेटच्या गाड्यापाशी असाल. मोबाईलवर एक गाणं टिपा आणि मग तो खिशात ठेवा.

एक छोटी वही आणि पेन मात्र विसरू नका. पहिला बँड उतरला की ती मुलं स्वतःच वायरी गुंडाळत असतात. ड्रम आवरणाऱ्याला नाव विचारा, कुठल्या गावचा ते विचारा, पुढे कुठे वाजवणार ते विचारा, आणि तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढच्या फलकावर ते नाव खाली, बारीक अक्षरांत असेल.