विजयाच्या औषधांची जाहिरात: पाटीवर काय चालतं, फ्लेक्सवर काय नाही

विजया म्हणजे आयुर्वेदातलं गांजा-भांगेच्या झाडाचं नाव. तिच्या औषधाच्या जाहिरातीचा मजकूर लिहायला घेण्याआधी तो कुठे लागणार हे ठरवा. दवाखान्याच्या दारावर चालणारी ओळ कर्वे रस्त्यावरच्या फ्लेक्सवर गुन्हा ठरू शकते.

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ ला ५४ रोगांची यादी जोडलेली आहे. कॅन्सर, अपस्मार, मधुमेह, काचबिंदू, रक्तदाब, संधिवात, मज्जासंस्थेचे विकार, म्हणजे विजयाचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं त्यातले बरेच. औषधाचं नाव आणि यातला रोग एका जाहिरातीत आले की कलम ३ लागतं. ‘बरा होतो’ न म्हणता ‘आराम पडतो’ म्हटलं तरी सुटका नाही. पेपरात घातलेलं पत्रक, बाटलीचं वेष्टन, रिक्षावरचा भोंगा, सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज, सगळं जाहिरातच. व्याख्येत प्रकाश, आवाज आणि धूरसुद्धा आहे!

सवलत कलम १४ मध्ये आहे. नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या दवाखान्यात ‘येथे अपस्मारावर उपचार केले जातात’ अशी पाटी लावू शकतात. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि ही एक ओळ पुरे. औषधाचं गुणगान आलं की पाटीची पुन्हा जाहिरात होते. पाटी मोठी असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह (जाहिरात फलकांच्या परवान्याच्या) विभागात आधी चौकशी करा. एमबीबीएस डॉक्टरांना २००२ ची आचारसंहिता याहून कडक आहे: पाटीवर स्वतःचा फोटो नको, औषधाच्या दुकानावर पाटी नको.

इतर डॉक्टरांना माहितीपत्रक पाठवायचं तर ते नावानिशी, टपालाने पाठवा आणि माथ्यावर ‘फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी’ या अर्थाची विहित इंग्रजी ओळ न पुसणाऱ्या शाईत छापा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेली पीडीएफ यात बसत नाही.

‘तपासणीनंतर चिठ्ठी नक्की’ हे कुठेच लिहू नका. ही कल्पना बहुधा कॅलिफोर्नियातल्या जाहिरातींवरून येते. तिथे डॉक्टरने गांजासाठी दिलेल्या शिफारशीला कायद्यात स्थान आहे आणि तिची जाहिरात करताना ठरावीक सूचना छापावी लागते. आपल्याकडे तशी शिफारस किंवा रुग्णाचं कार्ड नाही. गांजा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात येतो. झाडाची नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येबाहेर असली तरी राज्याचा दारूबंदी कायदा आहेच. भांग औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, असल्याने पोटात घ्यायच्या औषधाच्या बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत लागते. जाहिरातीत बाटलीचा फोटो टाकताना ती कापू नका.