पेशंटला डीएसएसाठी आणताना नातेवाइकांनी काय करावं

मुंबईतल्या एका महापालिकेच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या, म्हणजे एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत सुई-नळीने उपचार करणाऱ्या शाखेच्या, लॅबची इन्चार्ज सिस्टर आहे. वॉर्डातले मामा-मावशी असोत की युनिटचे सर, आमच्या लॅबला सगळे ‘डीएसए’च म्हणतात. डीएसए म्हणजे डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी, रक्तवाहिन्यांचे एक्स-रे फोटो काढायची पद्धत. केसपेपरवर ‘डीएसएला पाठवा’ असं लिहिलेलं दिसलं की नातेवाईक घाबरून विचारतात, “सिस्टर, ऑपरेशन आहे का?” मोठी चीर नसते, टाकेही फारसे नसतात, बहुतेक पेशंट जागेच असतात. तरी काम ऑपरेशनाइतकंच जोखमीचं असतं. त्याची बरीचशी तयारी आणि घरी गेल्यावरची जवळजवळ सगळी देखभाल तुमच्या हातात असते.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत सुई घालतात, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती नळी हव्या त्या जागी नेतात. टीबीने फुप्फुस खराब झालेल्या माणसाच्या खोकल्यातून भळाभळा रक्त पडतं, तेव्हा रक्त येणारी वाहिनी अशीच आतून बंद करतात. लिव्हरच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत थेट केमोचं औषध सोडतात. पित्ताशयाच्या कॅन्सरने पित्तनलिका दाबली आणि कावीळ चढत गेली, की बरगड्यांच्या मधून लिव्हरमध्ये नळी बसवून तुंबलेलं पित्त काढतात. हीच पीटीबीडी. किडनीत लघवी तुंबली तर पाठीतून तशीच नळी घालतात, तिला पीसीएन म्हणतात. हे सगळं आत्ताच निघालेलं आहे असं पुष्कळांना वाटतं. पण अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी १६ जानेवारी १९६४ रोजी लॉरा शॉ या ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची चोंदलेली धमनी तार आणि नळ्या घालून मोकळी केली होती. बाईंनी पाय कापून घ्यायला नकार दिला होता, आणि त्यांचा पाय वाचला.

यायच्या आधी

सीटी किंवा एमआरआयची सीडी आणा. हे मी पहिलं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. लोक रिपोर्टचा कागद जपून प्लास्टिकच्या पिशवीत आणतात आणि सीडी गावी कपाटात राहते. आमच्या डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा फोटो महत्त्वाचे. कोणती धमनी कुठून फुटते, पित्तनलिका कुठपर्यंत फुगली आहे, सुईच्या वाटेत आतडं किंवा फुप्फुस येतं का, हे ते स्वतः बघून वाट ठरवतात. फिल्मवर मोजकेच फोटो असतात, सीडीत सगळे. ज्या सेंटरमध्ये सीटी केला तिथून ती मागून घ्या. निघण्याआधी एखाद्या कॉम्प्युटरवर लावून उघडते का तेही बघा.

दुसरं, गोळ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून आणा, नावं लिहून आणण्याच्या भानगडीत पडू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, अॅसिट्रोम, वॉरफेरिन आणि त्यांचे नवे भाऊबंद, यातली एक जरी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवावी लागते, पण ती स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने अशी गोळी परस्पर बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. बंद कधी करायची आणि पुन्हा सुरू कधी करायची, दोन्ही तारखा डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. काढे, चूर्णं चालू असतील तर तीही सांगा. कोणी रागावणार नाही.

रक्ताच्या तपासण्यांत आम्ही तीन आकडे बघतो. प्लेटलेट ५०,००० च्या वर हव्यात, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, १.५ च्या आसपास हवा, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती आहे ते हवं, कारण फोटोत वाहिन्या दिसाव्यात म्हणून धमनीत सोडायचं औषध, ज्याला आम्ही डाय म्हणतो, ते किडनीवाटे बाहेर पडतं. जुन्या काविळीत आयएनआर बऱ्याचदा वाढलेला असतो. मग व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देतात, कधी रक्तपेढीतून एफएफपी, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारा गोठवलेला प्लाझ्मा, आणावं लागतं. त्यात एखाद-दोन दिवस गेले तर “आमचा नंबर मुद्दाम मागे टाकला” असं मनात आणू नका. त्या आकड्यावर सुई घातली असती तर पोटात रक्त साचू शकलं असतं. किडनी कमजोर असेल तर मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबद्दल वेगळं विचारा. पूर्वी सीटीच्या वेळी डाय दिल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या.

पैशांचं बोलू. आमच्याकडे मशीन आणि माणसं महापालिकेची असली, तरी कॉइल (वाहिनी बंद करायची बारीक तारेची गुंडाळी), मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी), स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) हा माल महाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण प्रत्येक प्रोसिजर त्यात बसेलच असं नाही, आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. भरती झाल्या दिवशीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या, टेबलावर जा. योजनेत बसत नसेल तर तिथून थेट समाजसेवा अधीक्षकांकडे. ट्रस्टना लिहायची पत्रं त्यांच्याच हातून निघतात. वापरलेल्या कॉइल-स्टेंटचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे एमआरआय करायची वेळ आली की तिथले लोक नेमकं तेच विचारतात.

गावाहून येणाऱ्यांनी राहायची सोयही याच वेळी विचारावी. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही नावं आमच्या भागात प्रत्येक समाजसेवकाला माहीत आहेत. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण पुलाखाली झोपण्याआधी विचारून तरी बघा.

सही करताना

मेडिकल कॉलेजचं रुग्णालय म्हणजे इथे शिकवणंही चालतं. टेबलापाशी दोन-तीन डॉक्टर दिसतील. एमडी रेडिओलॉजीची तीन वर्षं पूर्ण केलेले डॉक्टर या शाखेत पुन्हा डीएम या वरच्या पदवीची तीन वर्षं काढतात. त्यांच्या मागे एमडीचे रेसिडेंट उभे असतात. “माझ्या बापावर शिकतायत का?” हा प्रश्न नातेवाइकांच्या चेहऱ्यावर मला रोज दिसतो, आणि तो तोंडाने विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सरळ विचारा: प्रोसिजर कोण करणार, वरिष्ठ डॉक्टर आत असणार का, पहिल्यांदा जमलं नाही तर पुढे काय करणार. नवा मुलगा आधी जिलेटीनच्या गोळ्यावर सोनोग्राफीखाली सुई धरायला शिकतो, मग कितीतरी केसेसमध्ये नुसती तार धरून उभा राहतो, आणि नंतर कुठे वरिष्ठाच्या हाताखाली त्याची सुई पेशंटला लागते. मी या लॅबमध्ये जे पाहते त्यावरून सांगते, शिकवणाऱ्या ठिकाणी प्रत्येक पावलाला कुणीतरी “का?” विचारतं, आणि त्यामुळे पेशंटकडे बघणारे डोळे वाढतात.

कधी कधी दोन फॉर्म पुढे येतात. एक प्रोसिजरच्या संमतीचा आणि दुसरा अभ्यासाचा, म्हणजे एखाद्या रेसिडेंटचा थिसिस किंवा मोठी ट्रायल. हे दोन वेगळे कागद आहेत. दुसऱ्यावर सही केली नाही म्हणून उपचार अडत नाहीत, नंबरही मागे जात नाही, आणि सही केल्यावरही मन बदललं तर बाहेर पडता येतं. त्याचं माहितीपत्रक मराठीत मागा. एथिक्स कमिटीने, म्हणजे अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातं का ते बघणाऱ्या समितीने, मंजूर केलेलं पत्रक असतं, त्यावर अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांचा आणि कमिटीचा संपर्क असतो. ते घरी नेऊन वाचा, मुलीला-सुनेला वाचून दाखवायला सांगा. अभ्यासासाठी जादा तपासण्या करणार असतील तर खर्च कोणाचा, हे तिथेच विचारा. इतकं समजून घेऊन जमत असेल तर ‘हो’ म्हणा, असं माझं मनापासून सांगणं आहे. आज पीटीबीडीची जी नळी तुमच्या पेशंटला बसते, तीही आधीच्या पेशंटनी अशाच नोंदी करू दिल्या म्हणून सुधारत आली.

आणि डॉक्टर परराज्यातले असले, भाषा अडली, तर मान डोलावून सही करू नका. सिस्टरला बोलवा. समजावून सांगणं हे आमचं कामच आहे.

त्या दिवशी

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची की नाही, ते आदल्या राउंडला विचारून ठेवा. इन्सुलिनचंही तसंच. दागिने, कवळी काढून नातेवाइकांकडे द्यावी. पेशंट बाई असेल आणि पाळी चुकली असेल तर लाजू नका, आत जाण्याआधी सांगा, कारण सगळं काम एक्स-रेखाली चालतं. आम्ही सगळे शिशाचे एप्रन घालतो ते त्यासाठीच. गरोदर नातेवाईक बाईने दाराबाहेरच थांबावं.

एक सराव घरी करून घ्या: आडवं झोपून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखणं. डाय सोडताना पेशंट हलला किंवा श्वास घेतला की फोटो पुसट येतो आणि तो पुन्हा काढावा लागतो. पुन्हा डाय, पुन्हा रेडिएशन. डाय जाताना अंगात गरम शिरल्यासारखं वाटतं, ते सांगून ठेवा म्हणजे पेशंट दचकणार नाही.

जांघेतून केलं असेल तर नंतर चार ते सहा तास पाय सरळ ठेवायचा. उठायचं नाही, उशी घेऊन अर्धवट बसायचंही नाही. पांघरुणाखाली रक्त वाहिलं तर वरून कळत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने चादर उचलून बघा. ओलं लागलं किंवा गाठ दिसली तर तिथे तळहाताने घट्ट दाबा आणि ओरडून सिस्टरला बोलवा. शोधत धावू नका, हात काढू नका. पाय गार पडला, बधिर झाला, हलेनासा झाला, तरी तेवढ्याच घाईने सांगा. लिव्हरच्या गाठीच्या उपचारानंतर काही दिवस ताप, मळमळ, पोटदुखी राहते, ते अपेक्षित असतं.

नळी घेऊन घरी जाताना

पीटीबीडीचे पेशंट परत येतात ते बहुतेक नळीच्या देखभालीतल्या चुकांमुळे. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी ड्रेसिंग आणि नळी धुणं आमच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवा, मगच निघा. जो माणूस घरी हे करणार आहे त्यानेच शिकायचं. मुंबईतला पुतण्या शिकतो आणि गावाकडे सेवा करते म्हातारी बायको, असं होऊ देऊ नका.

बॅग नेहमी पोटाच्या खाली. झोपताना खाटेच्या कडेला अडकवा, अंगावर घेऊन झोपू नका. कूस बदलताना नळी ओढली जाते, म्हणून ती पोटावर एक वळसा देऊन चिकटपट्टीने धरून ठेवा. ड्रेसिंग ओलं झालं की लगेच बदला, कोरडं असलं तरी दोन-तीन दिवसांनी बदला. अंघोळ चालते, पण ती जागा प्लास्टिकने झाकून. नदीत, विहिरीत, टबात उतरायचं नाही.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं असेल तर दहा एमएल सलाईनने नळी धुवायची. हात साबणाने धुवा, सिरिंज नवी, सलाईन हळूहळू आत सोडा. सिरिंजने मागे ओढू नका, आतड्यातली घाण पित्तनलिकेत येते. आत जाताना अडलं किंवा दुखलं तर जोर न लावता थांबा आणि फोन करा.

एक वही ठेवा. रोज सकाळी बॅगेत किती एमएल आलं आणि रंग कसा होता, एवढंच लिहायचं. पिवळा-हिरवा, सोनेरी ठीक. लाल झालं, पूसारखं झालं, किंवा अचानक काहीच येईनासं झालं तर कळवा. दिवसाला लिटरभराच्या वर जात असेल तर शरीरातलं मीठ-पाणी वाहून जातं, माणूस गळून जातो. ओआरएस सुरू करा आणि आम्हाला सांगा.

हुडहुडी भरून ताप आला तर उद्यावर ढकलू नका. पित्तात जंतू झाल्याची ती खूण असते आणि काही तासांत बीपी खाली जाऊ शकतं. नळीला टोपण लावलेलं असेल तर ते काढून बॅग जोडा आणि निघा. वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून घ्या, डिस्चार्ज कार्ड दाखवून ‘पीटीबीडीचा पेशंट’ एवढे शब्द सांगा, त्यांना कळेल.

नळी साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागते, कारण आत गाळ साचतो. ती तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. बरं वाटतंय म्हणून पुढे ढकललेली तारीखच पेशंटला रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत आणते.

आणि नळी निसटून बाहेर आली तर ती पुन्हा आत घालू नका. छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून पट्टी लावा, नळी पिशवीत घालून सोबत घ्या आणि त्याच दिवशी निघा. आत तयार झालेली वाट लवकरच मिटते. ती मिटायच्या आत पोहोचलात तर त्याच वाटेने नवी नळी जाते, उशीर झाला तर लिव्हरमध्ये सुई पुन्हा नव्याने घालावी लागते.