मोनोबॉब शिकायचंय? आधी हात शांत करा

खेळाडू मुली मला हमखास विचारतात, "ताई, शंभर मीटरला माझी वेळ चांगली आहे, मोनोबॉब जमेल का?" मोनोबॉब म्हणजे एकटीने स्लेड (बर्फावरून घसरणारी गाडी) ढकलून, तिच्यात बसून बर्फाच्या उतरत्या, वळणावळणाच्या ट्रॅकवरून शर्यत करणं. त्यात वेगाचा उपयोग होतोच. ऑस्ट्रेलियाची ब्रीआना वॉकर ४०० मीटर अडथळा शर्यतीतून या खेळात आली आणि २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पाचवी आली. महिलांचा मोनोबॉब ऑलिंपिकमध्ये आला तोही त्याच वर्षी. सुवर्ण अमेरिकेच्या केली हम्फ्रीजने जिंकलं.

पण धावणं सुरुवातीच्या काही सेकंदांपुरतंच. पुढचं जवळजवळ मिनिटभर तुम्ही पायलट असता. दोघींच्या स्लेडमध्ये ब्रेक सांभाळणारी मागे असते. इथे ढकलणारी, उडी मारून बसणारी, वळवणारी आणि शर्यत संपल्यावर ब्रेक दाबणारी तुम्ही एकटीच.

मी ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या इग्ल्सला शिकले. १९७६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला हा चौदा वळणांचा ट्रॅक अवघड ट्रॅकच्या मानाने मवाळ आहे, म्हणून नवख्यांना मी तोच सुचवते. स्लेडमध्ये बसण्याआधी प्रशिक्षकांबरोबर ट्रॅक पायी उतरा. कुठल्या वळणात कुठून शिरायचं, कुठून बाहेर पडायचं, हे तोंडपाठ करा. मग खोलीत डोळे मिटून, हातांनी दोऱ्या ओढत, सगळा ट्रॅक मनात उतरत राहा. अनुभवी पायलटही हेच करतात.

वळवायला दोन दोऱ्या असतात, टोकाला कड्या. डावी ओढली की पुढचे रनर, म्हणजे स्लेडखालच्या पोलादी पट्ट्या, डावीकडे वळतात. ओढ जास्त झाली की रनर बर्फ खरवडतात आणि वेग जातो. नवख्या मुली घाबरून सारख्या ओढत राहतात. वळणात स्लेड भिंतीवर चढते तेव्हा मान जड होते, अंग खाली दाबलं जातं. हा भार कधी वाढतो, कधी सुटतो, हे अंगाला कळलं पाहिजे. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मला वाटतं, हेच या खेळाचं खरं शिक्षण.

महिलांच्या मोनोबॉबमध्ये स्लेड सगळ्यांना एकसारखी, त्यामुळे पैशाच्या जोरावर वेगवान स्लेड आणता येत नाही. रनर मात्र सँडपेपरने घासून गुळगुळीत करावे लागतात. संध्याकाळी थकलेल्या हातांनी ते काम करायची तयारी ठेवा.

भारतात असा ट्रॅक नाही. भारताचा ऑलिंपिक खेळाडू शिवा केशवन याने ल्यूजचा (पाठीवर झोपून बर्फावरून घसरण्याच्या स्लेडच्या खेळाचा) सराव हिमालयातल्या रस्त्यांवर, स्लेडला चाकं लावून केला होता. तुम्ही इथे धाव, स्क्वॉट आणि जड स्लेड ढकलण्याचा सराव पक्का करा. बर्फावरचं शिक्षण परदेशातच होईल. त्यासाठी नवख्यांचं पायलट प्रशिक्षण कुठे, कधी आहे ते पाहा आणि अर्ज करण्याआधी विमा, व्हिसा, राहणं यांचा खर्च घरच्यांसमोर मांडा.