ब्लॉक फिगर जमवताना: आधी भाग ओळखा, मग खरेदी करा

ब्लॉक फिगर, म्हणजे ठोकळ्यांच्या घडणीची छोटी खेळण्यातली माणसं. ती दिसायला एक वस्तू असली, तरी जमवणाऱ्यानं तिच्याकडे सुट्या भागांचा जोड म्हणून बघावं. लेगोच्या मिनिफिगरमध्ये (लेगोच्या छोट्या माणसात) डोकं, हातांसह धड, कंबर आणि पाय, केस किंवा हेल्मेट असतं. शिवाय पात्राप्रमाणे केप, शस्त्र, पाठीवरचं सामान. यातलं जवळजवळ सगळं निघतं, म्हणून हरवतं आणि दुसऱ्याच फिगरचं बसवलंही जातं. सेकंडहँड खरेदीत फसगत होते ती बहुतेक वेळा इथेच: फिगर अस्सल असते, पण पाय भलत्याच पात्राचे असतात.

कोणती फिगर, कोणता काळ

चित्रपट, कॉमिक्स आणि गेममधली पात्रं ब्लॉक रूपात देणारे प्रकार अनेक आहेत. हातपाय हलणारी लेगो मिनिफिगर १९७८ सालची. डोक्यावरचे केस सोडले तर तिची उंची साधारण ४ सेंटीमीटर. मिनीमेट्स २००२ मध्ये आल्या. सध्याच्या प्रचलित आकारात त्या सुमारे ५ सेंटीमीटरच्या, १४ सांध्यांच्या, आणि बऱ्याचदा दोनदोनच्या पॅकमध्ये मिळतात. जपानी कंपनी मेडिकॉम टॉयनं २००० मध्ये क्युब्रिक आणि २००१ मध्ये अस्वलाच्या डोक्याची बेअरब्रिक आणली. बेअरब्रिकची १०० टक्के आवृत्ती ७ सेंटीमीटरची, ४०० टक्के २८ ची आणि १००० टक्के ७० ची. हे सगळे प्रकार एका मांडणीत शोभत नाहीत, कारण मापं जुळत नाहीत. सुरुवातीला एकच प्रकार धरा. पुढचा बराचसा भाग लेगोबद्दल आहे, कारण सुटी फिगर सर्वांत जास्त फिरते ती त्याच प्रकारात.

लेगोनं परवाना घेऊन पात्रं काढायला १९९९ मध्ये स्टार वॉर्सपासून सुरुवात केली. हॅरी पॉटर २००१ मध्ये, बॅटमॅनची स्वतंत्र मालिका २००६ मध्ये, आणि मार्व्हल-डीसीची सुपर हीरोज मालिका २०१२ मध्ये. सुरुवातीच्या फिगरचे चेहरे पिवळे होते. २००३ च्या स्टार वॉर्सच्या क्लाउड सिटी सेटमधल्या लँडो या पात्राला खऱ्या त्वचेचा रंग मिळाला आणि २००४ पासून परवान्याच्या पात्रांमध्ये तोच रूढ झाला. त्यामुळे स्टार वॉर्समधला पिवळ्या चेहऱ्याचा ल्यूक २००४ नंतरचा म्हणून कुणी विकत असेल, तर कुठलातरी भाग बदललेला आहे असं समजा.

एकाच बॅटमॅनच्या इतक्या आवृत्त्या आहेत की 'सगळं जमवायचं' ठरवलं तर पैसे आणि जागा दोन्ही संपतात. 'प्रत्येक पात्राची एकच आवृत्ती', 'एकाच मालिकेच्या पहिल्या पाच वर्षांतल्या फिगर', 'फक्त खलनायक' असा एखादा नियम आधी लिहून काढा. नियम नंतर बदलला तरी चालतो, पण तो नसेल तर जे समोर दिसेल ते घेतलं जातं.

नवी फिगर: सेट की एकेक पाकीट

हव्या त्या पात्रासाठी अख्खा सेट घेण्याआधी तेच पात्र दुसऱ्या, लहान सेटमध्ये आलंय का ते बघा. बऱ्याचदा येतं, फक्त पायांवरची छपाई किंवा केप गाळलेली असते. तो फरक तुम्हाला चालणार असेल तर लहान सेटच घ्या.

एकेक फिगर बंद पाकिटात विकायची लेगोची मालिका २०१० मध्ये सुरू झाली. सुरुवातीला प्लास्टिकची पाकिटं होती. बोटांनी चाचपून आत काय आहे ते ओळखता यायचं. असं जुनं पाकीट हाती आलं तर चाचपताना धड-पाय सोडून द्या, ते सगळ्यांत सारखेच. त्या मालिकेत एकाच फिगरकडे असलेली वस्तू शोधा: ढाल, पंख, वेगळ्या घडणीचे केस. २०२३ मध्ये कागदी खोकी आली आणि चाचपणं बंद झालं. पण खोक्यावर छोटा चौकोनी कोड असतो; तो वाचणारी अ‍ॅप्स फिगरचं नाव सांगतात. १२ फिगरच्या मालिकेत ३६ खोक्यांच्या पेटीतून साधारणपणे तीन पूर्ण संच निघतात. म्हणजे तिघांनी मिळून पेटी घेतली तर कुणाकडेच दुहेरी फिगर उरत नाहीत.

सुटी फिगर तपासताना

घाई करायची नाही, ती इथे. ब्रिकलिंक या संकेतस्थळावर प्रत्येक मिनिफिगरला क्रमांक आहे आणि तिच्या भागांची यादीही. स्टार वॉर्सचे क्रमांक 'एसडब्ल्यू'नं सुरू होतात, सुपर हीरोजचे 'एसएच'नं. उदाहरणार्थ, स्टार वॉर्सच्या त्याच क्लाउड सिटी सेटमधला, हातापायांवर छपाई असलेला बोबा फेट म्हणजे एसडब्ल्यू ०१०७. विक्रेत्याला नुसतं 'बोबा फेट' म्हणू नका, क्रमांक सांगा आणि यादीतला एकेक भाग समोरच्या फिगरशी ताडून बघा. याच पात्राच्या साध्या आवृत्तीची किंमत अगदी वेगळी असते, आणि फरक आहे तो छपाईत.

अस्सलपणा बघायला फिगर खोलावी लागते. लेगोच्या भागांवर अगदी बारीक अक्षरात कंपनीचं नाव कोरलेलं असतं: डोक्यावरच्या स्टडवर (वर आलेल्या गोल खुंटीवर), धडाच्या मानेवर, कंबरेच्या वरच्या दोन स्टडवर. नक्कल केलेल्या भागांवर ते नसतं. पाय सैल झुलतात, मनगटं फिरवताना घट्टपणा लागत नाही, छपाईच्या कडा पुसट असतात. पण अस्सल धडावर बाहेर कुणीतरी नव्यानं छापलेली फिगरही विकली जाते. तिथे नाव कोरलेलं असणार. म्हणून विक्रेत्याकडून चारही बाजूंचे फोटो मागा आणि छपाईतली रेष न् रेष कॅटलॉगमधल्या चित्राशी जुळवा.

यानंतर तडे. धड पोकळ आणि पातळ भिंतीचं असतं. कंबरेचे स्टड त्यात घट्ट बसतात आणि भिंतीला सतत बाहेर ढकलतात, त्यामुळे वर्षानुवर्षं जोडून ठेवलेल्या धडाच्या खालच्या कडेपासून वर तडा जातो. हात सरळ वर करून दोन्ही कुशी तिरप्या उजेडात बघा; हात खाली असेल तर तडा त्याच्या आड लपतो. पंजाही तपासा, विशेषतः ज्यात अनेक वर्षं तलवार किंवा दांडा अडकवलेला होता तो. जुन्या तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल भागांचं प्लास्टिक ठिसूळ असतं. ते जोडताना-काढतानाच तुटतात. अशा रंगाचे केस किंवा पाय विकत घेतल्यावर उगाच काढघाल करू नका.

हात मात्र कधीच ओढून काढू नका. खांद्याची खोबण एकदा ताणली की हात सैल पडतो, आणि पुढे तडाही जातो.

किमतीसाठी ब्रिकलिंकवर मागच्या सहा महिन्यांतल्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे मिळतात. विक्रीला मांडलेल्या किमतींवर जाऊ नका. मागणं आणि मिळणं यात बरंच अंतर असतं. 'दुर्मीळ' हा शब्दही आकड्यानं तपासा. बंद पाकिटांच्या २०१३ च्या दहाव्या मालिकेतला मिस्टर गोल्ड ५००० नगांचा होता आणि २००७ मधला सोनेरी क्रोमचा (चकचकीत धातूसारख्या मुलाम्याचा) स्टार वॉर्सचा सी-थ्रीपीओ १०००० नगांचा. अशा फिगरच्या नकलाही भरपूर निघतात. नवशिक्यानं त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

धुणं आणि पिवळेपणा

केप, स्टिकर असलेले भाग आणि क्रोमचे भाग बाजूला काढा. बाकीचे ४० अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात, सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून १५-२० मिनिटं भिजवा. खाचांमधला मळ मऊ ब्रशनं काढा, छापलेल्या भागावर घासू नका. धड उलटं ठेवून सावलीत वाळवा, नाहीतर आत पाणी साचतं. डिशवॉशर, हेअर ड्रायर आणि ऊन यांपासून लांब राहा. अ‍ॅसिटोन तर एबीएस, म्हणजे लेगोचे भाग ज्याचे असतात ते प्लास्टिक, चक्क विरघळवतं. जुन्या केप खळ दिलेल्या कापडाच्या असतात; त्या ओल्या झाल्या की लुळ्या पडतात, म्हणून कोरड्या ब्रशनं झटकणं पुरे.

पांढरे आणि करडे भाग अतिनील किरणांनी पिवळे पडतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पूर्ण बुडवून, काचेच्या भांड्यात चार-सहा तास उन्हात ठेवले तर बराच रंग परत येतो. हातमोजे घाला आणि तासातासानं भाग हलवा, नाहीतर पट्टे उठतात. छापलेले भाग यात घालू नका, चित्र फिकट होतं. आणि पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो, हे धरून चाला.

मिनीमेट्समध्ये वेगळी अडचण येते. मनगटाच्या खुंट्या बारीक असतात. सांधा अडकला आणि तसाच पिळला तर खुंटी आतच तुटते. सांधा आधी कोमट पाण्यात मिनिटभर धरा, मग हलकेच फिरवा. घट्ट बसलेले केसही तसेच निघतात.

मांडणी आणि साठवण

१६ बाय १६ स्टडच्या पाटीवर एका ओळीत चार फिगर ठेवा, म्हणजे प्रत्येकीला चार स्टड रुंदी. पाच बसवल्या तर पंजे एकमेकांना लागतात. मागची ओळ दोन विटा, म्हणजे १९ मिलीमीटर, उंच केली की पुढच्यांच्या केसांवरून मागचे चेहरे दिसतात. उंच मुकुट किंवा पंखवाले मागे. खिडकीसमोरची भिंत टाळा.

पेटीत ठेवायच्या फिगरचं धड कंबरेपासून सुटं करा, पंजातली वस्तू काढा आणि प्रत्येक फिगरचे सगळे भाग एका छोट्या झिप पिशवीत घाला. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची हवी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातलं तेलकट रसायन हळूहळू प्लास्टिकमध्ये उतरतं, भाग चिकट होतात आणि छपाई खराब होते. रबर बँडही नको. पिशवीवर कॅटलॉग क्रमांक लिहा, आणि वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये क्रमांक, कमी असलेला भाग, तडा आहे की नाही, दिलेली किंमत आणि तारीख नोंदवा. 'कमी असलेला भाग' हा रकाना सर्वांत कामाचा ठरतो: पाच-सहा फिगरचे सुटे भाग एकाच विक्रेत्याकडून एकदम मागवले तर टपालखर्च एकदाच पडतो.