सिस्टम स्क्रिप्टमध्ये वापरकर्त्याचे पायथन शिरते तेव्हा : या चुका टाळा

लिनक्सवरील एखादे साधन एका वापरकर्त्याकडे नीट चालते आणि त्याच यंत्रावर दुसऱ्याकडे ‘मॉड्यूल सापडले नाही’ असे सांगून बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा पॅकेज काढून पुन्हा बसवले जाते आणि त्याने काहीच साधत नाही. बिघाड पॅकेजमध्ये नसून त्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असतो : स्क्रिप्ट सिस्टमची, पण तिला मिळालेला इंटरप्रिटर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, किंवा लायब्ररी वापरकर्त्याची. अशा वेळी वापरकर्त्याला बोल लावण्याची पद्धत मला अन्यायाची वाटते. आपल्या होममध्ये हवे ते पायथन आणि हव्या त्या लायब्ररी ठेवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्यांच्यापासून अलिप्त राहण्याची जबाबदारी सिस्टम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची आहे.

शेबँगमध्ये ‘एन्व्ह’ वापरणे

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, म्हणजे शेबँगमध्ये, ‘/युएसआर/बिन/एन्व्ह पायथन३’ असे लिहिले, की पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधण्याच्या डिरेक्टरींच्या यादीत, जे पायथन आधी सापडेल ते उचलले जाते. स्वतःच्या प्रकल्पासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु ज्याने व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका प्रकल्पापुरते वेगळे पायथन) सुरू केले आहे, पायएन्व्ह (पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारे साधन) वापरले आहे किंवा ज्याच्या टर्मिनलमध्ये कोंडा या पॅकेज-साधनाचे ‘बेस’ आपोआप सुरू होते, त्याच्याकडे पहिले पायथन सिस्टमचे नसतेच, आणि पॅकेज व्यवस्थापकाने बसवलेल्या लायब्ररी त्या पायथनला दिसत नाहीत. पॅकेजमधून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये थेट ‘/युएसआर/बिन/पायथन३’ असा पूर्ण मार्ग लिहावा. डेबियन या लिनक्स वितरणाच्या पायथनविषयक धोरणातही यालाच पसंती दिलेली आहे.

पूर्ण मार्ग लिहून काम झाले असे समजणे

ही चूक सर्वाधिक आढळते, म्हणून तिच्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. इंटरप्रिटर सिस्टमचा असला तरी तो लायब्ररी कुठे शोधतो, हे वापरकर्त्याला तीन वाटांनी बदलता येते.

पहिली वाट ‘पायथनपाथ’ या व्हेरिएबलची, म्हणजे शेलकडून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंगची. त्यातील डिरेक्टरी प्रमाणित लायब्ररीच्याही आधी तपासल्या जातात, त्यामुळे तेथे ‘जेसन’ नावाची फाईल असेल तर पायथनचे मूळ मॉड्यूल बाजूला राहून तीच फाईल चालते. ‘जुना पायथनपाथ, मग विसर्गासारखे चिन्ह, मग नवी डिरेक्टरी’ असे अनेकजण बॅशआरसी या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये लिहितात. जुना पायथनपाथ रिकामा असेल तर चिन्हाआधीची ती रिकामी जागा ‘चालू डिरेक्टरी’ म्हणून वाचली जाते. ‘पायथनहोम’ हे व्हेरिएबल चुकीचे असेल तर ‘एन्कोडिंग्ज’ हे मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार करून पायथन सुरूच होत नाही. हा संदेश दिसला की सर्वप्रथम हे व्हेरिएबल पाहावे.

दुसरी वाट वापरकर्त्याच्या साइट-पॅकेजेसची, म्हणजे होममधील ‘डॉट लोकल’ या डिरेक्टरीखालील लायब्ररींची. पायथन २.६ पासून ही सोय आहे. हा मार्ग प्रमाणित लायब्ररीनंतर, पण सिस्टमच्या पॅकेजांच्या आधी तपासला जातो. म्हणून वापरकर्त्याने पिप या पायथनच्या पॅकेज-साधनाने बसवलेली ‘रिक्वेस्ट्स’ची वेगळी आवृत्ती सिस्टम स्क्रिप्टलाही मिळते. शिवाय त्या डिरेक्टरीतील ‘पीटीएच’ फाइलींमध्ये ‘इम्पोर्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी पायथन सुरू होतानाच चालवल्या जातात, म्हणजे स्क्रिप्टने एकही लायब्ररी मागितली नाही तरी वापरकर्त्याचा कोड तिच्यात चालू शकतो.

तिसरी वाट स्क्रिप्ट ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीची. ती यादीत सर्वांत वर असते. शेल स्क्रिप्टमधून ‘पायथन३’ला लहान ‘सी’ किंवा ‘एम’ पर्याय देऊन बोलावले, तर तिच्या जागी चालू डिरेक्टरी येते. ‘टेम्प’सारख्या, कोणालाही लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत उभे राहून रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याने, अशी स्क्रिप्ट चालवली, तर तो सुरक्षेचाच प्रश्न होतो.

या तिन्ही वाटा कॅपिटल ‘आय’ हा एकच पर्याय बंद करतो. तो पायथन ३.४ मध्ये आला. त्यात कॅपिटल ‘ई’, म्हणजे पायथनची व्हेरिएबले दुर्लक्षित करणे, आणि लहान ‘एस’, म्हणजे वापरकर्त्याची साइट-पॅकेजेस वगळणे, हे दोन्ही अंतर्भूत आहेत, आणि स्क्रिप्टची डिरेक्टरीही यादीत येत नाही. फक्त हा शेवटचा भाग हवा असेल तर पायथन ३.११ पासून कॅपिटल ‘पी’ हा स्वतंत्र पर्याय मिळतो. फेडोराने आपल्या पॅकेजांतील पायथन स्क्रिप्टांच्या शेबँगसाठी लहान ‘एस’ आणि कॅपिटल ‘पी’ ही जोडी निवडली आहे, म्हणजे तेथे पायथनपाथ मुद्दाम खुला ठेवलेला आहे. दुरुस्तीसाठी प्रशासकाला ते दार उपयोगी पडते हे मान्य करूनही, रूटच्या हक्काने चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी मी पूर्ण अलिप्तताच निवडेन.

पर्याय चुकीच्या जागी किंवा विचार न करता देणे

लिनक्समध्ये शेबँगमधील इंटरप्रिटरनंतरचा सगळा मजकूर एकच आर्ग्युमेंट म्हणून दिला जातो. त्यामुळे ‘एन्व्ह पायथन३’पुढे कॅपिटल ‘आय’ लिहिल्यास ‘पायथन३ उणे आय’ अशा पूर्ण नावाची फाईल शोधली जाते आणि ती अर्थातच मिळत नाही. कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचाच्या ८.३० आवृत्तीपासून ‘एन्व्ह’ला कॅपिटल ‘एस’ पर्याय देऊन यातून मार्ग काढता येतो, पण सिस्टम स्क्रिप्टला ‘एन्व्ह’ नकोच असल्याने तो प्रश्न उरत नाही. एकाहून अधिक पर्याय हवे असतील तर ते एकाच उणे चिन्हामागे जोडून लिहावेत.

अलिप्त केल्यावर स्क्रिप्ट मोडते अशीही तक्रार येते. शेजारच्या फाईलमधून मॉड्यूल घेणारी स्क्रिप्ट कॅपिटल ‘आय’खाली ते शोधू शकत नाही, तिचे मॉड्यूल पॅकेजच्या योग्य जागी बसवावे, किंवा त्या डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग स्क्रिप्टमध्येच यादीला जोडावा. दुसरा परिणाम लवकर लक्षात येत नाही. सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या युनिट फाईलमध्ये ‘पायथनअनबफर्ड’ ठेवून लॉग ताबडतोब लिहून घेणारी सेवा आता ते व्हेरिएबल वाचतच नाही आणि लॉग उशिरा दिसू लागतात. अशा वेळी लहान ‘यू’ हा पर्याय शेबँगमध्येच घालावा.

सुडो सगळे स्वच्छ करते असे मानणे

रूटच्या हक्काने कमांड चालवणारे सुडो सामान्यतः बहुतेक व्हेरिएबले काढून टाकते, परंतु कॅपिटल ‘ई’ पर्यायाने ती राखली जाऊ शकतात. उबुंटूमध्ये १९.१० पूर्वी सुडो ‘होम’ हे व्हेरिएबल मूळ वापरकर्त्याचेच ठेवत असे, त्यामुळे रूटने चालवलेले पायथन सामान्य वापरकर्त्याच्या ‘डॉट लोकल’मधील कोड घेऊ शकत होते. याउलट सुडोसह पिप चालवल्यास डेबियन आणि उबुंटूवर लायब्ररी ‘/युएसआर/लोकल’खाली जातात, आणि ही जागा वितरणाच्या लायब्ररींच्या आधी तपासली जाते. कॅपिटल ‘आय’ यापासून वाचवत नाही, हे ध्यानात ठेवावे. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पिप तेथे बसवण्यास आधी नकार देते. तो नकार ‘सिस्टम पॅकेजेस मोडा’ अशा अर्थाच्या पर्यायाने ओलांडण्याऐवजी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तयार करावे.

‘पायथन३’ची लिंक बदलणे

ही चूक मात्र वापरकर्त्याच्या बाजूची आहे. नवी आवृत्ती हवी म्हणून ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ने ‘/युएसआर/बिन/पायथन३’ दुसरीकडे वळवले जाते, आणि मग उबुंटूवर ‘ॲप्ट अपडेट’च्या शेवटी ‘एपीटी_पीकेजी’ मॉड्यूल नसल्याचा एरर येतो. हे मॉड्यूल वितरणाच्या पायथन आवृत्तीसाठी कंपाइल केलेले असते, दुसरी आवृत्ती ते उघडू शकत नाही. लिंक पूर्ववत करणे हाच उपाय आहे. नवी आवृत्ती तिच्या पूर्ण नावाने, उदाहरणार्थ ‘पायथन३.१२’, बोलवावी.

भाषा आणि इतर इंटरप्रिटर विसरणे

पायथनचे पर्याय लोकेलला, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगला, हात लावत नाहीत. वापरकर्त्याचे लोकेल ‘एमआर_आयएन’, म्हणजे मराठी, असेल तर ‘डेट’ कमांड वाराचे संक्षिप्त नाव ‘रवि’ असे देते आणि इंग्रजी नाव शोधणारी स्क्रिप्ट रविवारची बॅकअप निमूटपणे वगळते. आपली यंत्रणा मराठीत वापरणाऱ्याला ही शिक्षा का व्हावी? ज्या कमांडचे उत्तर स्क्रिप्ट वाचणार आहे तिच्यासाठी ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ ठेवावे, किंवा वाराचा क्रमांकच मागावा. पर्लमध्ये ‘पर्ल५लिब’ आणि बॅशमध्ये ‘बॅश_एन्व्ह’ हीच गुंतागुंत निर्माण करतात. पर्लचा कॅपिटल ‘टी’ आणि बॅशचा लहान ‘पी’ हे पर्याय त्यांना दूर ठेवतात.

निदान आणि चाचणी

प्रथम ‘टाइप’ कमांडला लहान ‘ए’ पर्याय देऊन पाथमधील सर्व पायथन पाहावीत. मग ‘साइट’ हे मॉड्यूल सिस्टमच्या पायथनने एकदा साधे आणि एकदा कॅपिटल ‘आय’सह चालवून दोन्ही याद्यांची तुलना करावी, फरक असलेल्या ओळींतच बहुधा कारण सापडते. संशय असलेल्या मॉड्यूलचे ‘फाईल’ हे गुणमूल्य छापले की ते नेमके कोठून आले तेही कळते. स्क्रिप्ट स्वतः दुसरे पायथन सुरू करत असेल तर तिचे अलिप्ततेचे पर्याय त्या प्रक्रियेकडे आपोआप जात नाहीत, ते प्रत्येक वेळी द्यावे लागतात.

स्क्रिप्ट प्रसिद्ध करण्यापूर्वी एक चाचणी खाते मुद्दाम बिघडवून ठेवावे : पाथच्या सुरुवातीला लगेच अपयशी होणारे खोटे ‘पायथन३’, पायथनपाथमध्ये एरर देणारी ‘जेसन’ फाईल, ‘डॉट लोकल’मध्ये स्क्रिप्ट वापरते त्या लायब्ररीच्या नावाची तशीच फाईल, आणि लोकेल मराठी. प्रत्येक बदलानंतर या खात्यातून स्क्रिप्ट चालवावी आणि ती थांबली तर ती आवृत्ती बाहेर जाऊ देऊ नये.